सुंदराबाईंच्या फळ्या

मित्रांनो, वारज्यातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, कपड्यांच्या कपाटावर, जुन्या उशीच्या अभ्र्यात मी गुंडाळून ठेवलेला आहे. मी रंधा. लाकूड तासून गुळगुळीत करणे हे माझे काम होते. तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिलेही नसेल, कारण आता हे काम विजेची यंत्रे करतात आणि माझ्याहून फार लवकर करतात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. मला सांगायचे आहे ते वेगळेच आहे, आणि ते सांगताना मी अडखळतो. म्हणून सावकाश सांगतो.

माझे अंग शिसवी लाकडाचे. दशरथ साळवे यांनी मला स्वतःच्या हातांनी घडवले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. मधोमध तिरपी खाच कोरून तीत त्यांनी पोलादी पाते बसवले, लाकडी पाचरीने ते घट्ट केले आणि माझी मूठ आपल्या तळव्याच्या मापाने इतकी घासली की दुसऱ्या कुणाच्या हातात मी कधी नीट बसलोच नाही. बिबवेवाडीत त्यांचे लहानसे दुकान होते. वर पत्रा, आत भुशाचा वास आणि भिंतीवर एक साधा क्रूस. सकाळी पहिल्या फळीवर हात ठेवून ते म्हणत, "प्रभू येशू, तूही सुतार, याच धंद्यातला. लक्ष असू दे."

त्यांच्या पत्नी सुंदराबाई डबा घेऊन येत. हे कानावर पडले की म्हणत, "देवाला भागीदार केलंत ते बरं झालं. आता उशीर झाला की गिऱ्हाईक त्याच्याकडेच पाठवा."

दशरथांची एक रीत होती. ते जे काही करत, त्याची न दिसणारी बाजूही ते रंधून घेत. खणाचा तळ, मेजाची खालची बाजू, भिंतीला लागणारी कपाटाची पाठ. चर्चच्या मंडळीतले कुणी वारले की शवपेटी तेच करून देत, आणि तिची आतली बाजू बाहेरच्या आधी गुळगुळीत करत. "बाहेरून माणसं तासभर बघणार. आतल्याला तिथंच राहायचंय," एवढेच ते सांगत. चर्चमध्ये त्यांना प्रार्थना सांगायला उभे केले तर दोन वाक्येही धड जुळत नसत. त्यांची जी काही भक्ती होती, ती माझ्या पात्याखालून पातळ, गुंडाळलेल्या सालींसारखी निघत असे. मला तिचा वास आठवतो.

मग सुंदराबाईंच्या पोटात गाठ निघाली. त्या तीस वर्षे इस्पितळात परिचारिका होत्या. तपासणीचे कागद त्यांनी स्वतःच वाचले, घडी घालून पिशवीत ठेवले आणि दशरथांना चहा करून दिला.

त्याच उन्हाळ्यात चर्चमध्ये खुर्च्या आल्या आणि जुने सागवानी बाक निघाले. पाळकसाहेबांनी चार बाकांच्या फळ्या दशरथांना दिल्या. काय सागवान होते ते! पन्नास-साठ वर्षे माणसांनी त्यावर बसून गीते गायलेली. सुंदराबाई दुकानात आल्या, एका फळीवरून त्यांनी हात फिरवला.

"अहो, या माझ्यासाठी ठेवा."

"कपाट हवंय का?"

"पेटी हवीय. तुम्ही करता तशी. आतून रंधलेली."

माझ्या मुठीवरचा हात थांबला. "अभद्र बोलू नकोस, सुंदरा. पेटीच्या फळ्या काढून ठेवायच्या आणि बरं कर म्हणून गुडघेही टेकायचे? मग विश्वास कुठं राहिला?"

"छत्री घेऊन निघालेल्या माणसानं ऊन मागू नये, असं कुठं लिहिलंय का?"

दशरथ हसले नाहीत. "तू बरी होणार आहेस," ते म्हणाले, आणि विषय तिथेच संपला. सुंदराबाईंनी नंतर दोनदा तो पुन्हा काढला. दोन्ही वेळा दशरथांनी डोळे मिटले आणि त्यांचा हात हातात घेऊन मोठ्याने प्रार्थना सुरू केली. प्रार्थना चालू असताना बोलू नये, असे त्यांच्या घरातले वळण होते.

मित्रांनो, दशरथांनी त्या फळ्यांचे चर्चसाठी प्रभुभोजनाचे मेज केले, पवित्र भाकर आणि द्राक्षरस ज्यावर ठेवतात ते. पत्नी बरी होणार, म्हणून आभार आधीच मानून ठेवायचे, असे त्यांनी ठरवले. सात आठवडे मी त्या सागवानावर फिरलो. इतके सुंदर काम आम्ही दोघांनी कधी केले नव्हते. एकही खिळा नाही. खाचेत खाच बसवून सांधे असे जोडले की त्यांत केससुद्धा शिरू नये. मेज चर्चला अर्पण केले त्या रविवारी सगळी मंडळी मेजाभोवती जमली. सुंदराबाईंना चाकांच्या खुर्चीतून आणले होते. त्यांनी मेजाच्या खालून हात फिरवला.

"खालूनही रंधलंय," त्या म्हणाल्या. "सुरेख झालंय हो." आणि थोड्या वेळाने, फक्त दशरथांना ऐकू जाईल अशा आवाजात, "माझं लाकूड मात्र देऊन टाकलंत."

त्या रविवारनंतर एकोणिसाव्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

देह ठेवण्यासारखा राहिला नव्हता. डॉक्टरांनी त्याच दिवशी दफन करायला सांगितले. दुपारी चारची वेळ ठरली. दशरथ मला आणि लाकडी हातोड्याला पिशवीत घालून थेट चर्चमध्ये गेले.

"पाळकसाहेब, मेज परत हवंय. तिची पेटी करायचीय."

पाळकसाहेबांनी मेजावरचे कापड स्वतः उचलले. "घ्या, दशरथभाऊ. मंडळीला मी सांगतो."

कुणीही अडवले नाही, हे मला अजून सहन होत नाही. अडवले ते आम्हीच केलेल्या कामाने. दशरथांनी मेज उलटे केले आणि सांध्यावर हातोडा मारला. सांधा हलला नाही. पुन्हा मारला. तिसऱ्या घावाला फळीतून बारीक आवाज आला. आणखी एक घाव, आणि ती उभी चिरली असती. मग ते मेजही राहिले नसते आणि पेटीही झाली नसती. त्यांची मुलगी शर्मिला धावत आली.

"बाबा, बास. निघणार नाही ते. तुम्हीच जोडलंय ना?"

दुपारी दीड वाजता तयार पेटी आली. बाहेरून पांढरीशुभ्र, चकचकीत, कडेला सोनेरी पट्टी. दशरथांनी आत हात घातला आणि बाहेर काढला, तेव्हा तळव्यात लाकडाचे कुसळ घुसले होते.

"आतून खरखरीत आहे."

"आपण चादर घालू, बाबा. दुहेरी घालू."

"चादरीखाली काय आहे, ते मला माहीत असणार ना."

त्यांनी मला पिशवीतून काढले आणि पेटीत वाकून उशाकडून सुरुवात केली. असल्या तुकडे चिकटवून केलेल्या, हलक्या लाकडावर मी यापूर्वी कधी चाललो नव्हतो. साली निघत नव्हत्या, नुसता चुरा उडत होता. तरी मी जीव ओतला. डोक्याची जागा गुळगुळीत झाली. खांद्यांची झाली. कमरेपाशी आलो आणि आत लपलेल्या एका खिळ्यावर माझे पाते कचकन आदळले. त्याचा कोपराच उडाला. दशरथांनी आणखी दोन हात मारून पाहिले. मी फक्त ओरखडे काढत होतो. ते पेटीच्या काठावर कपाळ टेकून बसले. बाहेर गाडी येऊन उभी राहिली होती.

सुंदराबाई अर्ध्या रंधलेल्या पेटीत गेल्या.

दुकान त्यानंतर उघडले नाही. शर्मिलाने वडिलांना आपल्या घरी आणले, आणि सामानाबरोबर मलाही. पात्याला धार लावायची तर तासाभराचे काम आहे. दशरथांनी ती लावलेली नाही. ते दर रविवारी चर्चला जातात, पण प्रभुभोजनाच्या वेळी पुढे मेजापाशी जात नाहीत, शेवटच्या रांगेत बसून राहतात. पाळकसाहेब भाकर त्यांच्या जागेवर आणून देतात. लोक आजही त्या मेजाची स्तुती करतात. ती ऐकली की दशरथ मान खाली घालतात.

परवा शर्मिला कामावर गेल्यावर त्यांनी मला खाली काढले आणि बराच वेळ मांडीवर घेऊन बसले. माझी मूठ त्यांच्या तळव्यात होती, पूर्वीसारखीच. मग ते हळूच म्हणाले, "तिला बोलायचं होतं रे. मी प्रार्थना करत राहिलो."

मित्रांनो, मला गंज चढतो आहे आणि माझे आता काय व्हावे याची मला फारशी फिकीर नाही. माझी विनंती तुमच्या घरातल्या थकल्या माणसांसाठी आहे. त्यातले कुणी एखाद्या दुपारी तुम्हाला जवळ बोलावून म्हणेल, मी गेल्यावर असे करा, मला अमुक नेसवा, मला तमुक ठिकाणी न्या. तुम्हाला भीती वाटेल. 'असं बोलू नये' हे शब्द अगदी जिभेवर येतील. ते गिळून टाका. देवाकडे काय मागायचे ते मागाच, पण त्याआधी त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्या. आणि तुमच्या हातून होण्यासारखे असेल, तर ते काम त्यांच्या देखत सुरू करा. म्हणजे त्यांना एकदा त्यावरून हात फिरवून पाहता येईल.