इग्लूलिक ते सानिराजाक, विमानाने वीस मिनिटं

आफियाच्या लेकीला, रोडाला, तिकडे सानिराजाकला मुलगा झाला आणि इकडे उत्तर ध्रुवाकडच्या इग्लूलिकमध्ये दीर-भावजयीची जुंपली. आफियाला बाळासाठी आपल्या गेलेल्या नवऱ्याचं, पानिआकचं, नाव हवं होतं. दीर एनूकी मात्र आपल्या वडिलांच्या, तुलुगाकच्या, नावावर अडून बसला. त्यांच्या लोकांत नाव दिलं की गेलेलं माणूस त्या बाळात परत येतं, मग माघार कोण घेणार?

शेवटी रोडाच फोनवर वैतागली. "जो आधी पोचेल त्याने सांगितलेलं नाव. आता मला झोपू द्या!"

एनूकी तिकीट काढूनच दारात आला. "वहिनी, वीस मिनिटं! तुम्ही बसा स्नोमोबाईलवर धक्के खात. तुमचा वाटेतला चहा उकळेपर्यंत बाबा माझ्या मांडीवर असतील."

सानिराजाकला वारं सुटलंय, जमिनीलगत बर्फाचा भुगा उडतोय, शेजारचं घर दिसत नाही, असं जावई आत्ताच फोनवर आफियाला सांगत होता. तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"विमानानेच जा हो भावोजी. तुमची कंबर ही अशी. शिवाय आत गरम कॉफी मिळते."

वहिनी एवढं गोड बोलतेय म्हटल्यावर खरं तर त्याने सावध व्हायला हवं होतं. पण तो खूश होऊन गेला.

आफिया एकटीच निघाली. गोठलेल्या समुद्रावर भुगा कमरेपर्यंत उडत होता, वर मात्र निळं आभाळ. सानिराजाकच्या थोडं अलीकडे ती गोठलेला मासा कापत बसली असताना एनूकीचं विमान डोक्यावरून गेलं. तिने हात हलवला. पुढे ते दोनदा घिरट्या घालताना ऐकू आलं, आणि मग आवाज सरळ दक्षिणेला विरत गेला. हसता हसता चहा तिच्या नाकात गेला.

लेकीच्या घरी पोचताच तिने बाळाला उचललं. "अहो, किती वाट बघायला लावलीत!"

बाळाने डोळे उघडले आणि कपाळाला आठी घातली. थेट तुलुगाकची आठी! नव्या सुनेने शिवलेले बूट उलटेपालटे करून बघताना सासरे अशीच घालायचे. आफियाने नकळत केस सारखे केले. मग हळूच म्हणाली, "रोडा, दोन्ही नावं ठेव बाई. हे दोघं एकत्रच आलेत."

संध्याकाळी दूर दक्षिणेतल्या इकालुइटहून एनूकीचा फोन आला. "वहिनी, विमान उतरलंच नाही हो! धावपट्टी भुग्यात गडप! वरून रोडाचं छप्पर दिसलं मला, धुराडं दिसलं! आणि आता इथे, जगाच्या दुसऱ्या टोकाला, हॉटेलात बसलोय. काय, ठेवलंत ना दादाचं नाव?"

"दोन्ही ठेवली."

पलीकडे नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग एनूकी म्हणाला, "बाबांना द्या जरा फोन."

बाळाने फोन कानाला लागताच भोकाड पसरलं.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, चालत ये."

पुढच्या आठवड्यात एनूकी विमानानेच आला. पिशवीभर संत्री बाळाच्या पायाशी ठेवून त्याने टोपी काढली, आणि कुणी बस म्हणेपर्यंत बाबांसमोर तसाच उभा राहिला.