जुनं सुलोचन

जगदीशला मारायला पहिली चप्पल अंबिकेनं उचलली. धाकट्या बहिणीला, शांताला, न्हाऊ घालताना तिच्या दोन्ही दंडांवर तिला काळेनिळे डाग दिसले होते. मांड्यांवरही होते.

"तेंनी हात नाय लावल्यानी गो आक्का," शांता म्हणत होती, "आपसूक येतत."

मार खाणारी प्रत्येक बाई असंच म्हणते. अंबिकेनं बहिणीच्या नवऱ्याला चाळीच्या गॅलरीत गाठलं आणि तिच्या मागून शेजारपाजारचे चार पुरुष धावले. जगदीश गिरणीत बदली कामगार, अंगानं काडी. त्यानं आधी हात जोडले, मग डोकं झाकलं, मग नुसता खाली बसून राहिला. त्याचा पुढचा दात पडला.

डाग मात्र थांबले नाहीत. उलट शांताच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, जिना चढताना ती दोनदा पडली, तेव्हा अंबिका तिला परळच्या इस्पितळात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काम कुठं करते?"

दोघी बहिणी करी रोडच्या पुलामागं रेनकोटच्या कारखान्यात होत्या. अंबिका बटणं लावायची. शांता शिवणींवर सुलोचन, म्हणजे बायकांच्या तोंडचं सोलुशन, लावून पट्ट्या चिकटवायची. पाणी आत शिरू नये म्हणून लावायचा तो रबराचा पातळ डिंक. त्याच्या वासानं नव्या बायकांना पहिले काही दिवस गरगरायचं, मग सवय व्हायची.

"रबर कशात विरघळवतात? बेंझॉलमध्ये?" डॉक्टर म्हणाला. "माणसाचं रक्त हाडांच्या आत तयार होतं, बाई. तो वास ते बंद पाडतो. मारानं नाही आले हे डाग."

"मग त्याच्याशिवाय रबर विरघळतच नाही?"

"विरघळतं की. साफ केलेलं पेट्रोल असतं, त्यात विरघळतं. त्याचा धोका बराच कमी. फक्त सुकायला वेळ लागतो."

परतताना अंबिका जगदीशच्या खोलीच्या दारात थांबली. आत तो चुलीवर पेज ढवळत होता. त्यानंच विचारलं, "आक्का, काय म्हणाला डॉक्टर?"

आधी ती युनियनच्या बाबुरावांकडं गेली. ते छप्पन सालचे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दिवस. गोळीबारात गेलेल्यांची नावं अजून भिंतींवर होती, रोज कुठं ना कुठं मोर्चा निघत होता. बाबुरावांचा घसा घोषणांनी बसलेला. "अंबिकाबाई, आधी मुंबई तरी हातात येऊ दे," ते खरखरत्या आवाजात म्हणाले. "मग तुमच्या डिंकाचं बघू."

तेव्हा तिनं शांताला टॅक्सीत घातलं आणि थेट मालकाच्या दादरच्या घरी नेलं. मालक शरच्चंद्र खादी घालायचे, चळवळीला मदत करायचे. दिवाणखान्यात त्या दिवशी मोठी माणसं जमली होती. अंबिकेनं कुणाला काही विचारलं नाही. शांताला मधोमध उभं केलं आणि तिच्या पोलक्याच्या बाह्या वर सारल्या. शांतानं लाजेनं डोळे मिटून घेतले. नाकातून रक्ताचा ओघळ आला, तो तिनं पदरानं पुसला.

"मराठी माणसासाठी बसलात ना?" अंबिका म्हणाली. "ही बघा. ही पण मराठीच आहे."

शरच्चंद्र उठले, त्यांनी शांताला खुर्ची दिली आणि सगळ्यांसमोर शब्द दिला, "सोमवारपासून दुसरं सोलुशन येईल."

आणि खरंच आलं. जुन्या बेंझॉलची पिंपं मागच्या पडवीत गेली. कारखान्यातली हवा हलकी झाली. अंबिका आठवडाभर ताठ मानेनं वावरली.

पण नवं सुलोचन वाळेना. पट्टी दाबून धरायची, वाट बघायची, तरी कडा सुटायच्या. मजुरी कोटामागं होती आणि कोट निम्म्यावर आले. अंबिका दर वाढवून मागायला गेली, तेव्हा शरच्चंद्र हसले. "सोलुशन बदललं ते तुमच्यासाठी. आता तुम्ही थोडं सोसा." हरताळांत गिरण्या पुन्हापुन्हा बंद पडत होत्या, नवरे घरी बसले होते.

एका दुपारी बायका उठल्या आणि मागच्या पडवीतून जुनं पिंप लोटत आणू लागल्या. पुढं मालन होती, अंबिकेची इतक्या वर्षांची मैत्रीण, जिच्या डब्यातलं ती रोज खायची. अंबिका पिंपाच्या आडवी उभी राहिली.

"मालन, शांताचं बघितलंस ना तू?"

"बघितलं."

"मग?"

"शांता एक गेली तर तू रडशील, मी पण रडेन. माझी तीन पोरं भुकेनं रडतायत, त्यांच्यासाठी कोण रडतंय? हो बाजूला."

अंबिका हलली नाही. मालननं तिची वेणी धरून तिला खाली ओढलं. बाकीच्यांनी हातपाय धरून फाटकाबाहेर टाकलं. शरच्चंद्र वरच्या खिडकीतून बघत होते. "त्यांचीच मागणी आहे, अंबिकाबाई," ते शांतपणे म्हणाले. "मी कुणावर जबरदस्ती केली नाही." आणि खाली फाटक लागलं.

शांता रामनवमीनंतर गेली. शेवटी तिच्या डोळ्यांच्या पांढऱ्यातही रक्त उतरलं होतं. तिला अंघोळ घालायला मालन आली. तिनं हळदीनं एकेक डाग हलक्या हातानं पुसला, जणू दुखेल म्हणून. ती खरंच रडत होती. तिच्या बोटांना बेंझॉलचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर गेली.

चाळीला बेंझॉल कळलं नाही. मार कळत होता. अंबिका दारोदार सांगत फिरली, डॉक्टरचं नाव घेतलं, स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. लोक मान हलवायचे आणि ती वळली की म्हणायचे, बहिणीचा संसार झाकतेय. जगदीश नळावर गेला की बाया हंडे उचलायच्या. मुकादमानं त्याला बदलीवर घेणं बंद केलं.

अंबिका वरळी कोळीवाड्यात कोळंबी सोलायच्या कामाला लागली. तिथं तिला कुणीतरी सांगितलं की जगदीश रेनकोटच्या कारखान्यात दिसतो. ती ओल्या हातांनी तशीच धावत गेली. फाटकाच्या फटीतून तिला तो दिसला. पिंपावर वाकून लाकडी दांड्यानं सुलोचन घोटत होता.

"जगदीश, बाहेर ये! अरे, तुला ठाऊक आहे ना ते काय आहे?"

तो फाटकापर्यंत आला. त्याच्या अंगाला तोच गोडसर वास होता.

"ठाऊक आहे, आक्का."

"मग दुसरं काहीही कर. हमाली कर. माझ्याबरोबर चल, कोळंबी सोल."

"सगळीकडं विचारतात, बायकोला कशी मारलीस." तो बोलताना पडलेल्या दाताच्या जागी हवा फुसफुसत होती. "इथं कुणी विचारत नाय. इथल्या बायकांना ठाऊक आहे ती कशानं गेली."

आतून मालननं हाक मारली, सुलोचन संपलंय म्हणून. तो वळला आणि आत गेला.