चार शब्दांचं कुलूप

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. विनीतच्या पाठी लागलेला राक्षस खरा की खोटा, हे बघायला मागे वळायचीसुद्धा त्याची हिंमत नव्हती. गेले काही दिवस तो एक शब्द आठवायचा प्रयत्न करत होता. आंघोळीला आठवत होता, वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात साच्यांची ड्रॉइंग काढताना आठवत होता, रिक्षात बसला की आठवत होता. शब्द साधा मराठी होता, त्यानं स्वतःच निवडला होता, आणि तो कुठेही लिहून ठेवायचा नाही अशी शपथही त्यानंच बाकीच्यांना घातली होती. येत्या रविवारी त्या शब्दाची गरज पडणार होती, आणि शब्द डोक्यात नव्हता.

शेहेचाळीस वर्षांचा बाप्या, पोरगी दहावीला, आणि एका जुन्या क्रिकेटच्या गेमपायी तोंडचं पाणी पळालेलं. कुणाला सांगितलं असतं तर हसलेच असते. म्हणून त्यानं सांगितलंच नाही, बायकोलासुद्धा नाही.

पण भीती गेमची नव्हती, किंवा नुसती गेमची नव्हती. विनीतच्या वडिलांचं, गुणाजींचं, असंच सुरू झालेलं. आधी सख्ख्या भावाचं नाव आठवेना. घरचे हसले, म्हणाले वय झालं. मग चाव्या, मग जेवलो की नाही ते, आणि शेवटी एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्यांनी विनीतला अगदी अदबीनं विचारलं, "आपण कुणाकडचे?" गेल्या महिन्यात विनीतनं गॅस चालू ठेवलेला. ऑफिसात नव्या मॅनेजरचं नाव ऐन वेळी तोंडात येईना. आणि आता हा शब्द. माणूस हिशेब मांडायला बसला की सगळंच हिशेबात बसतं.

झालेलं असं. वीसेक वर्षांपूर्वी परदेशातल्या एका कंपनीनं कम्प्युटरवरचा क्रिकेटचा गेम काढला आणि थोड्याच वर्षांत त्याला वाऱ्यावर सोडलं. ठाणे-डोंबिवलीच्या चार पोरांनी मात्र सोडलं नाही. त्यांनी गेमच्या पोटात हात घालून त्यातली सामग्रीच बदलून टाकली. जगभर याला मॉड करणं म्हणतात. या चौघांनी इंग्लंडातली हिरवीगार मैदानं काढून तिथे आपल्या टेनिस बॉलच्या टुर्नामेंटची मैदानं बसवली. विनीतनं बाळकुमचं मैदान उभं केलं, एका बाजूला विहीर, तिकडे फटका मारला की आउट. मितेशनं नियम बदलले आणि चेंडूला टेनिस बॉलची उसळी दिली. ऐश्वर्यानं मांडव, खुर्च्या, प्रेक्षक आणि भाऊ-दादांचे बॅनर रंगवले. आणि कोपरच्या खाडीवरच्या कोळ्याचा पोरगा कान्हा, जो खऱ्या टुर्नामेंटमध्ये माइक हातात घेऊन धावतं वर्णन करायचा, त्यानं आपला आवाज दिला. बॅट्समन शून्यावर गेला की कान्हा गेममध्ये ओरडायचा, "आला तसा गेला, पाव्हण्याला चहा तरी पाजा रे!" दुबईतली, नाशकातली, कुठकुठली पोरं ते ऐकून वेडी झाली. चौघांनी इंटरनेटवर अड्डा काढला, त्याचं नाव चेंडूफळी मंडळ. भरभराटीच्या काळात तिथे हजारो माणसं होती.

मग चोरी झाली. कुणीतरी बाळकुमचं मैदान उचललं, त्यावर स्वतःचं नाव टाकलं आणि आपलं म्हणून मिरवलं. चौघं पेटले. तेव्हा विनीतनं तोडगा काढला. त्याच्या कोकणातल्या गावी देवळाच्या पेटीला चार मानकऱ्यांची चार कुलपं असतात, चौघं हजर असल्याशिवाय पेटी उघडत नाही. तसंच करू, तो म्हणाला. सगळ्या मूळ फाइली एका पेटीत घालू आणि तिला चार शब्दांचा पासवर्ड देऊ. एकेकाचा एकेक शब्द, कुणी कुणाला सांगायचा नाही, कुठे लिहायचा नाही. पेटी उघडायची तर चौघांनी जमायचं. एकानं टाइप करायचं, तेव्हा बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. ही पद्धत चौघांना इतकी आवडली की दर पाडव्याला ते पेटी उघडायचे, नवं काहीतरी घालायचे आणि नंतर मिसळ खायचे.

पुढे लग्नं झाली, पोरं झाली. पाडवा हुकत गेला. खेळाडूंची नावं बदलायला पेटीची गरज लागत नव्हती, त्यामुळे ती उघडायचंही कुणी नाव घेईना. चार वर्षांपूर्वी कान्हा काविळीनं गेला. मंडळात आता चाळीसेक माणसं उरलेली, आणि त्यांचं बोलणं एकच, माझ्या कम्प्युटरवर चालत नाही, काय करू? नवे कम्प्युटर तो जुना गेम सुरूच करेनात. ज्यांचे जुने होते त्यांचे एकेक करून बंद पडत होते.

मंडळात तिशीच्या आतलं माणूस एकच, उर्वी. कल्याणची, स्वतः गेम बनवणाऱ्या कंपनीत कामाला. ती म्हणाली, "दादा, मी सगळं नव्यानं बांधते, मोबाइलवर चालेल असं. मला फक्त मूळ फाइली द्या. वरवरचं काढून घेतलं तर चोथा येतो हातात. मैदानं, आवाज, सगळं ओरिजिनल पाहिजे."

म्हणजे पेटी उघडायला हवी होती.

सगळ्यांना घोर होता तो कान्हाच्या शब्दाचा. तो तर शब्द घेऊनच गेला, असं मितेश म्हणत होता. पण ऐश्वर्यानं कान्हाच्या बायकोला, प्राप्तीला, फोन लावला, आणि प्राप्ती म्हणाली की शब्द तिच्याकडे आहे. ग्रुपवर आनंदीआनंद झाला. नाचणारी चित्रं आली. विनीतनंही एक टाकलं, आणि फोन पालथा ठेवला. कारण आता अडचण एकच उरली होती आणि ती तो स्वतः होता.

रविवारी दुपारी सगळे मितेशच्या घरी जमले, बाळकुमच्या त्या मैदानावर उभ्या राहिलेल्या उंच कॉम्प्लेक्समध्ये. विहीर होती तिथे खाली आता पार्किंग होतं. प्राप्ती कोपरहून आली होती, लेकीला आजीकडे ठेवून. पेटीत कान्हाचं मूळ रेकॉर्डिंग होतं, कित्येक तासांचं, मधल्या हसण्याखोकण्यासकट.

"सान्वी लई बारीक होती ना, तिला बापाचा आवाजच आठवत नाय," प्राप्ती म्हणाली. "ती बोलली, आई, आज घेऊनच ये."

विनीतनं चहाचा कप तसाच खाली ठेवला.

उर्वीनं टेबलावर लॅपटॉप मांडला. जुन्या रिवाजाप्रमाणे बाकीचे भिंतीकडे वळले. पहिला मान विनीतचा. तो खुर्चीत बसला. स्क्रीनवर रिकामी चौकट होती. त्याला वाटलं होतं, बोटं कीबोर्डावर ठेवली की बोटांनाच आठवेल. बोटांनाही आठवलं नाही. काहीतरी झाडाचं नाव होतं, एवढंच मन सांगत होतं, आणि तेही खरं की रात्रंदिवस घोकून घोकून तयार झालेलं, देव जाणे. मागे मितेश खाकरला. विनीतनं घाबरून "पिंपळ" टाइप केलं. टाइप केलेलं ठिपक्यांसारखं दिसत होतं, त्यामुळे खरं-खोटं सारखंच दिसलं. तो उठला आणि भिंतीकडे जाऊन उभा राहिला.

मग मितेश बसला. मग ऐश्वर्या. तिला जरा वेळ लागला. शेवटी प्राप्ती बसली, एका बोटानं, एकेक अक्षर शोधत.

पेटी उघडली नाही.

"परत करू," मितेश म्हणाला. "कुणाचं तरी बोट सटकलं असेल."

परत सगळं झालं. विनीतनं या वेळी "औदुंबर" टाकलं. पेटी उघडली नाही.

आता सगळे वळले ते प्राप्तीकडे. मुद्दाम नव्हे, मानाच आपोआप वळल्या.

"वहिनी," मितेश अगदी मऊ आवाजात म्हणाला, "कान्हा नक्की हाच शब्द बोललेला का? नाही म्हणजे, इतकी वर्षं झाली..."

"हाच बोल्ले," प्राप्ती म्हणाली. "लग्नानंतर पैल्याच वर्साला. मी बोलले, तुमी कुणाला सांगायचं नाय ना? तर बोल्ले, मी इसरन गं, माझ्या डोक्याचा भरवसा नाय, तू ठेव. तवापासून रोज दिवा लावताना एकदा मनात बोलते. हे गेले तरी बोलते."

"तसं नाही वहिनी, होतं कधीकधी," ऐश्वर्या म्हणाली. "एखादं अक्षर इकडचं तिकडे."

प्राप्तीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. तिचा चेहरा उतरत गेला. "मग माझंच चुकलं असंल," ती म्हणाली. "त्यांनी इश्वासानं दिलेला, आन् मी..."

"टेन्शन नका घेऊ," उर्वी घाईनं म्हणाली. "बाकीचे तीन शब्द नक्की आहेत ना? मग एकच तर शोधायचाय. मराठीतले सगळे शब्द मशीन एकेक करून लावून बघेल. कान्हादादांच्या जागी. एक-दोन दिवसांत निघेल."

"तीन तर नक्कीच आहेत," मितेश म्हणाला.

विनीत गप्प होता. गप्प राहणं किती सोपं होतं! झाकली मूठ सव्वा लाखाची. मशीन कान्हाचा बरोबर असलेला शब्द काढून फेकेल, त्या जागी अख्खी मराठी घालून बघेल, आणि काहीच निघणार नाही. मग लोक हळहळतील, म्हणतील, कान्हाच्या बायकोला काही लक्षात ठेवता आलं नाही, काय करणार. विनीतचं नावही निघणार नाही. आणि ही बाई उद्यापासून दिवा लावताना काय म्हणेल? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर त्याच्या हातात.

त्याला आपण बोललो तर पुढे काय होईल तेही दिसत होतं. सगळे एकमेकांकडे बघतील. कुणीतरी म्हणेल, डॉक्टरला दाखव रे. मितेशला गुणाजींचं सगळं माहीत होतं. घरी जाऊन बायकोला सांगावं लागेल, मग तपासण्या, मग पोरीचे ते डोळे. आपण कुणाकडचे? त्याला खरंच, लहान पोरासारखी भीती वाटली.

"उर्वी, थांब," तो म्हणाला. आवाज फाटला. "वहिनींचं काही चुकलेलं नाही. माझा शब्द मला आठवत नाहीये. मी अंदाजानं टाकला. दोन्ही वेळा वेगळा."

उर्वीचा चेहरा उजळला. "मग प्रॉब्लेमच नाही दादा! तुमचा शोधू की. आधीच बोलायचं ना!"

ती लॅपटॉपकडे वळलीही होती. तेवढ्यात ऐश्वर्या भिंतीला टेकून खाली बसली.

"माझाही," ती म्हणाली.

"काय तुझाही?" विनीतनं विचारलं.

"अरे, मीही अंदाजानंच टाकला. आईच्या माहेरच्या गावाचं नाव असेल असं वाटलं. मग दुसऱ्या वेळी तिच्या आजोळच्या गावाचं." तिनं डोळे पुसले. "मला वाटलं, माझ्या एकटीमुळे नको अडायला. आणि वहिनींवर गेलं तेव्हा, देवा, मला बरं वाटलं."

सगळ्यांनी मितेशकडे पाहिलं. मितेश उठून बाल्कनीच्या दाराशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. "काय बघताय?" तो खेकसला. मग तसाच बाहेर बघत म्हणाला, "मला तर किती अक्षरांचा होता तेपण आठवत नाही."

विनीतच्या छातीवरचा दगड उतरला. क्षणभर त्याला हसूच आलं. म्हणजे हा रोग नव्हे, हे वय, हे सगळ्यांचंच! त्यानं मोकळा श्वास घेतला आणि त्याच श्वासात त्याला उर्वीचा चेहरा दिसला.

"एक शब्द असता तर..." उर्वी म्हणाली. "तीन नाही होणार, दादा. तीन म्हणजे किती होतात माहितेय का? मशीन आजपासून लावून ठेवलं तरी आपल्या कुणाच्याच हयातीत नाही." तिनं लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं.

तेव्हा विनीतला खरी भीती वाटली. आतापर्यंतची सगळी त्यापुढे काहीच नव्हती. मैदान गेलं होतं, विहीर गेली होती, कान्हा गेला होता, आणि जे राहिलं होतं त्याला त्यांनीच, इतक्या काळजीनं, चोराच्या भयानं, स्वतःच्या हातानं कुलूप घातलं होतं. चोरानं नेलं असतं तर निदान चोराकडे तरी असतं.

प्राप्ती एकेकाकडे बघत होती. तिला सगळं कळायला थोडा वेळ लागला. आपलं चुकलं नव्हतं, एवढं कळल्यावर तिनं पदर सोडला, पिशवी जवळ ओढली. मग तिनं विनीतला विचारलं, कारण पेटीची कल्पना त्याची हे तिला कान्हानं सांगितलं होतं.

"विनीतभाऊ, मग मी हा शब्द आजून ध्यानात ठेवू का नको?"

"ठेवा वहिनी," विनीत म्हणाला. नको म्हणायची त्याची छाती झाली नाही.