अर्धी राहिलेली प्रार्थना

मित्रांनो, मी एक जुनी ठवणी आहे, चर्चमध्ये पोथी ठेवायची. माझं बोलणं कुणाला ऐकावंसं वाटेल का, ठाऊक नाही. पण आता गप्प राहवत नाही.

तुर्कस्तानातल्या तूर अब्दीनच्या डोंगरातल्या एका अक्रोडातून मला घडवलं. माझा माथा सपाट आहे. गावात पोथी एकच, म्हणून मुलं माझ्या दोन्ही बाजूंना दाटीने उभी राहत. अलीकडची सुलटी अक्षरं वाचत, पलीकडची उलटी. येशू बोलत असे ती आमची आरामी भाषा त्यांना अशीच आली. एका बाजूने कडवं म्हणायचं, दुसरीने उत्तर द्यायचं. उत्तराशिवाय प्रार्थना पुढे सरकत नाही.

राज्यं बदलली, गावाचं नाव बदललं, माणसांची आडनावंही बदलली; उत्तर मात्र मिळत राहिलं. मग भीतीपायी, पोटापायी घरं ओस पडली. उरले गवरिये आणि त्यांची बायको सैदे. गवरिये लहानपणापासून पलीकडचे. त्यांना पोथी उलटीच वाचता येते. सैदेला अक्षर येत नाही, पण सगळी उत्तरं पाठ. ती मागे उभी राहून द्यायची.

जर्मनीहून मुलाचा, इस्कंदरचा फोन येई. "बाबा, आपण आरामी की असिरियन? इथे आपल्याच लोकांत नावावरून भांडणं लागलीत!"

"नाव ठरलं की कळव," गवरिये म्हणत, "आणि कुणीतरी एक जण प्रार्थनेला या."

यंदा सैदेचं काळीज थकलं. मुलगा तिला उपचारांसाठी जर्मनीला न्यायला आला.

"मी गेले तर उत्तर कोण देणार, इस्कंदरचे बाबा? ही ठवणी?"

"देईल की! तुझ्यापेक्षा सुरात देईल. तू जा. जगलीस तर भांडशील तरी."

ती गेली त्या संध्याकाळी गवरियेंनी कडवं म्हटलं आणि सवयीने थांबले. आपल्याच जागेवरून आपल्यालाच उत्तर देणं त्यांना जमेना. ते वळसा घालून अलीकडे आले. पोथी इथून सुलटी. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं, ओठ हलवले. एकही अक्षर ओळखीचं वाटेना.

"सैदे," ते म्हणाले, "पुढे काय गं?"

मित्रांनो, पुढचं मला येतं. सगळं येतं. पण मी लाकूड, मला ओ देता येत नाही. तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस आपल्या भाषेत हाक मारून थांबलं असेल, तर ओ द्या. आत्ताच द्या. गवरिये अजून माझ्या अलीकडेच उभे आहेत.