जिन्यातलं जेवण

"मिठाचं पाणी कुणी पाजलं याला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

वेणूबाई लगबगीने पुढे झाली. "म्या पाजलं. गलासभर. भडाभडा वकला बगा, समदं भाईर आलं."

साताऱ्याकडे तिच्या गावात कुणी फवारणीचं औषध प्यालं की हेच करत. आता बाई 'बरं केलंत' म्हणतील, असं तिला वाटत होतं.

"आजी, ते संडास धुवायचं अ‍ॅसिड होतं. जाताना जाळत गेलं. तुम्ही ओकायला लावलंत, येताना परत जाळत आलं. काही न पाजता सरळ आणायचं होतं हो."

सून उज्वला भिंतीला टेकून उभी होती. ती सासूकडे बघत राहिली.

अ‍ॅसिड वेणूबाईच्या नवऱ्याने, बाबासोने घेतलं होतं. जुईनगरच्या त्यांच्या गल्लीत सायकलवाला सुटं विकायचा; पुढे कराल त्या बाटलीत भरून द्यायचा. बाबासोने आंब्याच्या सरबताची रिकामी बाटली पुढे केली आणि भरलेली मोरीच्या कोपऱ्यात ठेवली. तीन वर्षांच्या शिवतेजला ती बाटली ओळखीची होती.

पोर वाचलं. पण अन्ननलिका आक्रसली. पोटाला भोक पाडून नळी बसवली, तिच्यातून पातळ पेज सोडायची. अन्ननलिका रुंद करायला पुन्हा पुन्हा दवाखाना. तोंडाने कधी खाईल, कुणी सांगेना.

घरात फोडणी पडली की तो तोंडाकडे बोट दाखवून रडे. म्हणून घरातले त्याच्यासमोर जेवेनासे झाले. म्हातारा-म्हातारी ताट घेऊन जिन्यात बसू लागली.

"त्याच्याजवळ काय नेऊ नका, आत्या," उज्वलाने एकदाच सांगितलं होतं. तेव्हापासून वेणूबाईने नातवाला पाण्याचा थेंबही दिला नव्हता.

"काय आजी, रोज जिन्यात पंगत? आमाला पन बोलवा की!" वरच्या मजल्यावरची करिमुन्निसा पहिल्यांदा हसत म्हणाली होती. कारण कळल्यावर ती ताटं दिसली की वरच थांबायची.

त्या दुपारीही दोघं पायरीवर बसली होती. बाबासो सगळा जन्म तुर्भ्याच्या मार्केटात पोती वाहिलेला माणूस. पण बाटली त्याच्या हातची, हे त्याला एकदाही तोंडातून काढता आलं नव्हतं.

"खा की गं."

"उतरत न्हाई."

मागे दार वाजलं. शिवतेज बाहेर आला, त्याच्यामागे उज्वला. वेणूबाईने घाईघाईने ताटावर पदर ओढला. पोराने तो बाजूला केला, भाकरीचा तुकडा मोडला. बाबासोचा हात अर्ध्यावर थांबला.

तुकडा त्याने आजीच्या तोंडापुढे धरला. "आज्जी, आ कर," त्याचा आवाज अजून घोगराच होता.

वेणूबाईने उज्वलाकडे पाहिलं.

"खावा, आत्या," उज्वला दाराची चौकट धरून म्हणाली. "बघतोय तो."

तिने तोंड उघडलं. चावताना डोळे वाहत होते. शिवतेज मात्र तिच्या डोळ्यांकडे बघतच नव्हता. तिच्या गळ्यावर हात ठेवून, घास खाली उतरेपर्यंत तो नीट बघत राहिला.

"गेला?"

"गेला रं."

मग त्याने दुसरा तुकडा मोडला.