इनेसकडची शेवटची प्रत

प्रविणला जुन्या परदेशी सिनेमांच्या डिस्क जमवायचा नाद होता. नागोठण्याजवळच्या कंपनीत शिफ्ट करायची, रोह्याला लागून असलेल्या वरसे गावातल्या घरी यायचं आणि जेवण झालं की हेडफोन लावून टीव्हीसमोर बसायचं, हा त्याचा कित्येक वर्षांचा परिपाठ. शिफ्टमधले मित्र त्याला वेड्यात काढत. फोनवर सगळं फुकट दिसतं, मग पोस्टाने कशाला मागवतोस, म्हणत. प्रविण वाद घालत नसे. कुठल्याशा देशात कुणीतरी डोळ्यांत तेल घालून जुन्या रिळांवरचा एकेक ओरखडा पुसलेला असतो, आणि ती प्रत आपल्या कपाटात येते, याचं सुख त्याला समजावून सांगता येत नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास त्याने पोर्तुगालमधून एक मूकपट मागवला. शंभरेक वर्षांपूर्वीचा, तिथल्या मिठागरांत काम करणाऱ्या माणसांवरचा. विकणारी बाई होती इनेस. अवेरू नावाच्या गावात तिचं छोटं दुकान होतं. प्रविणने तिच्याकडून पूर्वी, लग्नाआधी, दोन-तीन डिस्क घेतल्या होत्या. हा सिनेमा मात्र त्याला स्वतःपेक्षा आईसाठी हवा होता. त्याची आई हौसा पेणच्या खारेपाटात, खाडीकाठच्या गावात एकटी राहायची. तिचा निम्मा जन्म मिठागरात गेला होता. ते मिठागर कधीच बंद पडलं होतं. बांध फुटून आत तिवरांची झुडपं माजली होती.

पार्सल भारतात पोचल्याचं मोबाइलवर दिसलं आणि तिथून पुढे तो ट्रॅकिंग नंबर मुका झाला. प्रविणने आधी धीर धरला. परदेशी टपाल कस्टममध्ये रेंगाळतं, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. पण नाताळ गेला, संक्रांत गेली, तिळगूळ संपला, तरी पार्सलचा पत्ता नाही. येता-जाता तो रोह्याच्या पोस्टात डोकावू लागला. तिथले हिरामण प्रविणच्या भागाचे पोस्टमन, वरसेची गल्ली न् गल्ली त्यांच्या पायाखालची.

"नाय आलं हो. आलं तर मी ठेवून काय करू?" हिरामण म्हणाले.

"भारतात आलंय, म्हणजे कुठंतरी कुणीतरी ठेवलंच असणार ना?" प्रविण जरा चढ्या आवाजात म्हणाला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. हिरामणांनी पुढच्या माणसाचं पाकीट हातात घेतलं.

घरी आल्यावर प्रविणने तक्रार नोंदवली आणि त्याच तिरमिरीत इनेसलाही लिहिलं. पॅकिंग नीट केलं होतं का, नाव-पत्ता वाचता येईल असा लिहिला होता का, की कसंतरी खरडलं होतं? त्याची बायको नम्रता दवाखान्यातून ड्यूटी संपवून आली होती. तिने त्याच्या खांद्यावरून वाचलं.

"इतकं तोडून कशाला लिहितोस? ती बाई काय पार्सल हातात घेऊन समुद्रावर उभी आहे का?"

पण तोवर मेल गेला होता.

इनेसचं उत्तर शांत होतं. तुमची निराशा मला कळते, तिने लिहिलं होतं. या सिनेमाच्या प्रती संपल्या आहेत, पुन्हा निघतील असं वाटत नाही. मात्र माझ्या घरच्या कपाटात माझी स्वतःची एक आहे, ती तुम्हाला पाठवते. या वेळी चूक नको म्हणून पूर्ण पत्ता पुन्हा एकदा लिहून द्या. प्रविणने वरसेचा पत्ता लिहून दिला. आपला सूर आठवून त्याला थोडं ओशाळल्यासारखं झालं, पण हरवलेली वस्तू मिळणार या आनंदात ते मागे पडलं.

शिमग्याच्या थोडं आधी दुसरं पार्सल आलं. हिरामणांनीच दारात आणून दिलं. "घ्या, आलं एकदाचं," एवढंच म्हणाले आणि सायकलवर बसून निघाले. प्रविणने खोका उघडला नाही. सुट्टीच्या दिवशी कुठल्याही देशाची डिस्क चालवणारा आपला प्लेअर त्याने टॉवेलात गुंडाळला, पिशवीत घातला, खोका वर ठेवला आणि रोह्याहून सकाळच्या गाडीत बसला. नागोठणे गेलं, कासू गेलं. भात कापलेल्या शेतांत वाल वाळत पडले होते. पिशवी त्याने पूर्ण वेळ मांडीवरच धरली होती.

पेणला उतरून रिक्षाने तो गावात पोचला तेव्हा हौसा ओटीवर सुकट निवडत होती.

"बारीक झालास," ती म्हणाली. "नमू नाय आली?"

"तिची ड्यूटी हाय. आये, तुला एक सिनेमा दाखवायचाय. मिठागराचा."

"आपल्या मिठागराचा?"

"नाय, लांबच्या देशातला."

त्याने खोका बाहेर काढला. हौसाने हात पुसले आणि वाकून नीट बघितलं. खोक्यावर परदेशी तिकिटं होती, पक्ष्यांच्या चित्रांची.

"असाच पयला बी आलाय," ती म्हणाली.

"काय?"

"यवराच खोका. अशीच पाखरा हान वर." ती आत गेली. फडताळात वरच्या फळीवर तांदळाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून, सुतळीने बांधून ठेवलेला खोका तिने आणून त्याच्या पुढ्यात ठेवला. "तुजा सामान सादलू नये म्हनून बांधून ठेवला."

प्रविणने सुतळी सोडली. खोक्यावर त्याचंच नाव होतं, सुवाच्य अक्षरात, आणि खाली या घराचा पत्ता. इनेसच्या दुकानात त्याने खातं उघडलं तेव्हा तो याच घरात राहत होता. वरसेला बिऱ्हाड केल्यावर पत्ता बदलायचा राहूनच गेला होता.

"आये, मला सांगायचं तरी!"

"सांगितला नव्हता? फोनवर बोल्ले, तुजा काय तरी टपाल आलाय. तूच बोल्लास, कंपनीचा कागद असंल, ठेव, आल्यावं बगतो. आन तुज्या खोक्याला हात लावला का तू वराडतोस. मंग मी कनाला उगरू?"

प्रविणला तो फोन आठवला. शिफ्टला जायच्या घाईत, बूट घालता घालता घेतलेला. पोस्टात चढवलेला आवाज, नोंदवलेली तक्रार, इनेसला लिहिलेलं ते खरडल्याचं वाक्य, सगळं एकदम अंगावर आलं. आणि त्या बाईने स्वतःच्या कपाटातली प्रत काढून दिली होती.

"आता काय झाला?" हौसाने विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. हौसाने सुकट पुन्हा पुढ्यात ओढली.

"मंग तिला सांग का गावला म्हनून. ती बी काळजीत असंल."

ओटीवर रेंज धड नव्हती. प्रविण बांधापर्यंत चालत गेला आणि तिथे उभं राहून त्याने इनेसला लिहिलं. चूक माझी होती, पत्ता तुमचा बरोबर होता, मी तुम्हाला नको ते बोललो, मला माफ करा. या वेळी त्याने दोनदा वाचून मगच पाठवलं.

परत येऊन बघतो तर घरात बायजाकाकी, सीताबाई आणि आणखी दोघी-तिघी येऊन बसलेल्या. सगळ्या हौसाबरोबर मिठागरात खपलेल्या. प्रविणने प्लेअर आईच्या टीव्हीला जोडून पहिल्या खोक्यातली डिस्क लावली. पडद्यावर पांढरे ढीग आले, आरशासारखं पाणी आलं, लांब दांडीच्या फळीने मीठ ओढणारे पुरुष आले आणि मग डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायांची रांग आली.

"आवाज नाय त्याला?" सीताबाईंनी विचारलं.

"मुका हाय सिनेमा."

"मुका बरा. मुकादमाच्या शिव्या तरी नाय ऐकाव्या लागत," बायजाकाकी म्हणाली आणि सगळ्या खदखदून हसल्या.

प्रविण एरवी सिनेमा चालू असताना खोकलासुद्धा सहन करत नसे. इथे कुणी गप्प बसेना. ही बघ कशी लचकत चाललीय, हिची टोपली भरलेली नाय, ही नवीन दिसते. रांगेतल्या एका मुलीने चालता चालता थेट कॅमेऱ्याकडे बघितलं आणि ओठ दाबून हसू आवरलं. हौसा पुढे सरकली.

"हिला परत दाखव."

त्याने मागे नेऊन दाखवलं. हौसा बराच वेळ बघत राहिली.

"आमचा असा कोनी काडला नाय," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. मग ती उठून चहा ठेवायला गेली आणि आतूनच ओरडली, "थांबव रे, मी येतय तवर!"

इनेसचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. पार्सल तुमच्या आईजवळ सुखरूप होतं हे वाचून मी खूप हसले, तिने लिहिलं होतं. दुसरी प्रतही ठेवून घ्या, परत पाठवायची तसदी नको. फक्त सिनेमा बघून आई काय म्हणाली ते कळवा.

नम्रताला वाटलं, बाई एवढं मनापासून म्हणतेय तर ठेवावी. प्रविणने मान हलवली. "विकायची असती तर ठेवली असती. तिच्या घरातली आहे ती."

दोन दिवसांनी तो न उघडलेला खोका घेऊन रोह्याच्या पोस्टात गेला. सोबतच्या पाकिटात बायकांचं बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलेला कागद होता. मुकादमाच्या शिव्यांचं वाक्य लिहिताना त्याचा घाम निघाला होता. हिरामण बाहेर बटवड्याची टपालं लावत होते. प्रविण त्यांच्याजवळ गेला.

"हिरामणदादा, ते पहिलं पार्सल मिळालं. पेणला आईकडे गेलं होतं. जुना पत्ता, चूक माझीच. तक्रार मागे घेतलीय. तुम्हाला त्या दिवशी उगाच बोललो."

हिरामणांनी हातातली टपालं खाली ठेवली. "आईकडं होतं? मग बरं झालं. आम्हाला वाटलं, गेलं कुठं तरी खाडीत." मग त्यांनी खोक्याकडे बोट केलं. "एवढं हाय तरी काय त्यात?"

"सिनेमा. रविवारी घरी या, दाखवतो."

"रविवारी भाचीचा साखरपुडा हाय," हिरामण म्हणाले. "पुढच्याला येतो. बायकोला आणलं तर चालंल ना?"

"आणा की," प्रविण म्हणाला आणि खोका घेऊन खिडकीकडे वळला.