पाण्यातला पन्हाळा

मी एक जुनी माशांची पेटी आहे, मित्रांनो. दोन फूट लांब, एक फूट उंच, डाव्या कोपऱ्यात एक ओरखडा. लोक मला फिश टँक म्हणतात. कौतुक ऐकायला बसला असाल तर आधीच सांगते, माझ्या पोटात पाच जीव मेले आणि ते हौसेने मारले गेले. हे मी गोड करून सांगणार नाही.

१९९७ साली कोल्हापुरात बाळासो काचवाल्याने मला जोडलं. त्याचं रोजचं काम फोटोंना काचा बसवायचं. अर्धे फोटो देवांचे, अर्धे मेलेल्या माणसांचे. मला मात्र त्याने निगुतीने चिकटवलं. दोन दिवस पाणी भरून ठेवलं. थेंब गळला नाही, तेव्हा म्हणाला, "माणूस गळंल, ही न्हाय गळायची."

तिथून मी तवनाप्पांच्या साडीच्या दुकानात आले. त्यांचा मुलगा वृषभ भारी हौशी. दिवाळीला त्याच्या दारातला किल्ला गल्लीत पहिला यायचा. दारात किल्ला होतो तर पेटीत का नको, असं त्याच्या डोक्यात आलं. त्याने सिमेंटचा पन्हाळा केला आणि माझ्या बरोबर मधोमध बसवला. गडावरचा तो प्रसिद्ध तीन दरवाजासुद्धा काढला, पण नुसत्या रंगाने. आत जायला वाट नव्हती. भोवती गुलाबी खडे, प्लॅस्टिकची झाडं, तटावर मावळे, डोक्यावर झगझगीत ट्यूब. मग सहा टेट्रा मासे सोडले. बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळी रेघ, शेपटीकडे लाल.

गिऱ्हाइकं साड्या सोडून मला बघायची. "वृषभराव, डोकं हाय तुम्हाला." मीही फुशारले होते. खोटं कशाला बोलू?

माशांना मात्र किल्ल्याच्या पुढे जागा नव्हती, मागे आडोसा नव्हता. दिवसभर बिचारे तटाभोवती फिरायचे. सिमेंटचा चुना पाण्यात उतरत होता. पहिला मासा मेला तेव्हा वृषभने सगळं पाणी गटारीत ओतलं, खडे सोड्याने घासले, नळाचं ताजं पाणी भरलं. आठवड्यात दुसरा मेला. पुन्हा घासणं, पुन्हा नळ. मग दृष्ट लागली म्हणून माझ्यावर लिंबू-मिरची टांगली. लिंबू वाळेपर्यंत पाच गेले.

उरला एक.

वृषभची बायको अरुणा दुपारी दुकानात बसायची. गिऱ्हाईक नसलं की स्टूल ओढून माझ्यापुढे यायची. घरात तिचं कुणी ऐकत नव्हतं. त्या एका माशाला ती सगळं सांगायची, आणि तो बोटासमोर येऊन थांबायचा.

जैनांचं पर्युषण पर्व आठ दिवसांवर आलं तेव्हा तवनाप्पा माझ्यासमोर उभे राहिले. "अरुणा, मुंगी मरू नये म्हणून आपण बघून पाय टाकतो. आणि इथं दुकानात जीव मारून मंदिरात जायचं व्हय? हा एक मेला की पेटी बाळासोला द्या. फोटोच्या काचा कापून घेऊ दे."

म्हातारा कडक होता. चुकीचं मात्र काही बोलला नव्हता.

त्याच दुपारी मीनाबाई पांढरी साडी बघायला आल्या. वीस वर्षं कॉलेजच्या वनस्पतींच्या प्रयोगशाळेत मदतनीस. साडी मांडीवर तशीच, नजर माझ्यावर.

"वहिनी, हे काय मांडलंय?"

"पन्हाळा."

"पन्हाळ्यावर मासं कधी चढलं?"

अरुणाला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. तिने पाची मरणं सांगितली, सासऱ्यांचा शब्दही सांगितला. मीनाबाईंनी साडीची घडी घातली. "माणसाला भर चौकात उभं करायचं, वर दिवा लावायचा आणि चारी बाजूंनी बघायचं. जगंल का तो? उद्या येते मी. साडी ठेवा बाजूला."

दुसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन आल्या. तिच्यात कॉलेजच्या हौदातली हायड्रिला होती. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या प्रयोगात नरसाळ्याखाली असते तीच पाणवनस्पती. शिवाय लांब पात्यांचं पाणगवत, ओढ्याची वाळू आणि राधानगरीकडचे काळे दगड.

वृषभ ब्लीचिंग पावडर घेऊन तयारच होता. "आधी स्वच्छ धुऊन काढू. आण ती बादली, पाणी ओततो गटारीत."

अरुणाने बादलीची कडी धरली. "न्हाय ओतायचं."

"का?"

"घरात पाणी गाळलं की गाळण्यावरचे जीव आपण परत विहिरीत सोडतो. मग ह्यातले गटारीत कसे टाकू? दिसत न्हाईत म्हणून काय ते न्हाईत?"

वृषभने पावडर खाली ठेवली. मीनाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अवो, लॅबमधल्या बरण्यांचं सगळं पाणी मी एकदम कधी बदलत न्हाय. घाण खाणारे बारीक जीव त्यात असतात. तुम्ही प्रत्येक वेळी त्यांनाच धुऊन टाकलं. मासं त्यानं मेलं. हे मला काल सुचायला पायजे होतं."

किल्ला बाहेर निघाला. त्या जागी मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. अर्धं जुनं पाणी ठेवलं, अर्धं दोन दिवस उघडं ठेवलेलं नवं, तेही थोडं थोडं. जुने खडे न धुता मागे उंच रचले, त्यावर वाळू, पुढे उतार. मोठा दगड मीनाबाई मधोमध ठेवायला लागल्या, तर अरुणा म्हणाली, "शोकेसमध्ये आपण सगळ्या साड्या मधी लावत न्हाय. एक उलगडायची, जरा बाजूला. बाकी घड्या मागं." दगड डावीकडे सरकला. त्याला दुसरा टेकवला, खाली एक फट राहिली. मागे गवत, कोपऱ्यात हायड्रिला, पुढे मोकळं अंगण.

तोवर बरणीत ठेवलेला मासा सोडला. तो फटीत शिरला आणि दिसेनासा झाला.

एक दिवस गेला, दोन गेले. अरुणा दाणे टाकायची, ते तसेच तळाला जायचे. तिसऱ्या सकाळी तवनाप्पा आले, सोबत टेप आणि काच कापायची हिरकणी घेऊन बाळासो. पर्व उद्यावर होतं.

"गेला?" तवनाप्पांनी विचारलं.

अरुणाने काचेवर बोट टेकवलं. बाळासोने मला टेप लावला. ज्या हातांनी जोडलं, तेच हात. त्याने वाकून आत बघितलं आणि थांबला.

"आप्पा, ह्या गवताला बुडबुडं येत्यात. आणि बुडबुड्यांमागं कोण हाय बघा."

दारातून ऊन आलं होतं. हायड्रिलाच्या शेंड्यांतून बारीक माळा वर चढत होत्या. त्यांच्यामागून निळी रेघ सावकाश पुढे आली, अंगणात थांबली, अरुणाच्या बोटासमोर. रंग असा, की मीच ओळखलं नाही.

तवनाप्पा स्टुलावर बसले. मग म्हणाले, "बाळासो, चहा पिऊन जा. काच न्हाय कापायची."

त्या दिवशी मी पहिल्यांदा निवांत झाले, मित्रांनो. तो मासा पुढे दोन वर्षं जगला, सोबतीला आणखी पाच आले. तटावरचे मावळे वृषभने दिवाळीच्या किल्ल्यावर नेले. तिथे ते शोभले.

२००६ मध्ये दुकान नवं झालं आणि मी माळ्यावर गेले. तीन वर्षं माझ्यात हँगर भरले होते. अरुणानेच मला खाली काढून इथे तुमच्या शाळेत दिलं. पहिल्या दिवशी दगड कसे ठेवायचे ते ती स्वतः उभं राहून दाखवून गेली. आता घरात तिचं ऐकतात म्हणे.

तुमच्यातलं कुणीतरी काल बाजारातून रंगीत किल्ला घेऊन आलं होतं. राग नाही. पण तो दप्तरातच राहू द्या. माझं पाणी एकदम ओतू नका, त्यात न दिसणारेही राहतात. आणि मासा दिसला नाही तर काचेवर टकटक करू नका. तो त्या फटीत आहे. रंगवलेला नाही, आत जाता येईल असा दरवाजा त्याला मिळालाय. यायचं तेव्हा येईल.